तिकिटाचा कल्ला

मालवणच्या सायबर कॅफेत मी कामाला होतो तेव्हा देवबागचे एक काका इंटरनेटवर जुनी पोस्टाची तिकिटं विकायला यायचे. चिमट्यानं तिकीट उचलताना श्वास रोखायचे. ते गेले की मी खोडरबर उचलून त्यांची नक्कल करायचो.

महिनाभर गिऱ्हाईकच नाही. मग एका जर्मनानं एका तिकिटाचा फोटो मागितला. काकांनी मागची फाटकी बाजूही स्कॅन केली.

"काकानू, ती कित्याक दाखवतास? थंय कोणाक कळतला?"

"मासो घेताना तू कल्लो उघडून बघतस मा? तो बिचारो थंयसून कसो उघडतलो? म्हणान मियाच दाखवतंय."

जर्मनाचं उत्तर आलं. हे नको, पण आणखी काय आहे?

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "गिरायक टोपलेर वाकला रे!"