सुमनताई आता राहिल्या नाहीत…

माझी बायको एका मंगळवारी सकाळी वारली आणि दुपारी तिने मला जेवायला वाढलं. पहिल्या घटनेला जबाबदार मी.

सुमन डोंबिवलीत घरातूनच पोळीभाजी केंद्र चालवते. मी निवृत्त झाल्यापासून तिथे सल्लागार आहे. (नेमणूक माझी मीच केली.) तिने कळवा-ठाण्यातही डबे पोचवायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, आता धंद्याला न्यूजलेटर पाहिजे. गिऱ्हाइकांना मेलवर जाणारं वार्तापत्र!"

"कोण लिहिणार?"

"मी! त्यावरचे सगळे व्हिडिओ बघितलेत."

"बरं. पण पाठवायच्या आधी मला दाखवा."

मी मान डोलावली. (डोलवायला काय जातंय!)

व्हिडिओतली मुख्य शिकवण अशी की, विषयाची ओळच इतकी जबरदस्त हवी की माणसाने मेल उघडलाच पाहिजे. मी लिहिलं, 'सुमनताई आता राहिल्या नाहीत फक्त डोंबिवलीच्या!' स्वतःवरच खूश होऊन मी ते तिला न दाखवता पाठवून दिलं.

मोबाइलवर विषयाची ओळ अर्धीच दिसते, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. (असेलही. मी पुढे ढकलत बघत होतो.) सगळ्यांच्या फोनवर उमटलं, 'सुमनताई आता राहिल्या नाहीत…'

थोड्याच वेळात बेल वाजली. दारात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक कांबळेबाई, हातात हार. मला वाटलं, सत्कार!

"भाऊ, आत्ताच वाचलं. विश्वासच बसत नाही हो."

"बसेल, बसेल! या ना आत."

"असं अचानक?"

"अचानक कसलं? महिनाभर तयारी चाललेली माझी."

"तयारी?"

"मग! सगळं एकट्याने केलं. शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही!"

कांबळेबाई भिंतीला टेकल्या. तेवढ्यात कल्याणहून माझी मेहुणी रिक्षाने येऊन थडकली. "ताई गं!" असा हंबरडा तिने जिन्यातच फोडला.

स्वयंपाकघरातून सुमन धावत आली. हातात लाटणं, कोपरापर्यंत पीठ. "अगं, रडतेस काय? कोण गेलं?"

"तू!" मेहुणी म्हणाली.

सुमनने तिचा फोन घेतला, वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. लाटणं अजून तिच्या हातातच होतं!

मग तिने स्वतः दुसरं वार्तापत्र पाठवलं. 'मी आहे. उद्या भरली वांगी. डबे कळवा-ठाण्यातही मिळतील.' संपलं! पण सकाळच्या बातमीने हादरलेल्या प्रत्येकाने ते उघडलं, पुढे पाठवलं, आणि ऑर्डरी इतक्या आल्या की पोळ्या लाटायला आणखी दोन बायका ठेवाव्या लागल्या.

"बघ! माझ्याचमुळे ना?" मी म्हटलं.

"तुमच्याचमुळे," म्हणाली आणि कळव्याचे डबे पोचवायचं काम माझ्याकडे दिलं.

पहिल्याच घरी एका बाईंनी दार उघडलं, मला न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अहो, डबा आला! जिवंत बायकोला मारणारे काका स्वतः घेऊन आलेत!"

मी नमस्कार केला. मार्केटिंगमध्ये ओळख महत्त्वाची!