पाच फुटांचा पलंग

सुनंदा घरत. तीन वर्षांपूर्वीचा दसरा, दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यांना तेव्हा फसवलं गेलं, आणि फसवलं मी. इतकी पत्रकं छापली, पण हे वाक्य एकातही घातलं नाही.

सातिवलीपासून चिंचोटीपर्यंत स्वस्त घरांच्या नावाखाली जी लूट चालते, तिच्यावर मी लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. पण मला लुटीतलं इतकं बारीक कसं कळतं, असं कधी विचारलंत? — मी लुटणाऱ्याकडेच होते. बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायला.

पहिलं घर घेणारा चौरस फूट बघत नाही. पलंग बसतो का, कपाट बसतं का, एवढंच बघतो. बिल्डरसाहेब म्हणाले, "खोली वाढवायला पैसे लागतात. पलंग कमी करायला काय लागतं?" आणि मी — केला. साडेसहा फुटांचा पलंग ब्रोशरमध्ये पाच फुटांचा काढला. खोली एकदम ऐसपैस दिसायला लागली. लपवत नाही, मला तेव्हा मजा वाटली होती.

दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंगला गर्दी. सुनंदामावशी मूळच्या चांदीपच्या, सातिवलीत पॅकिंगच्या कामाला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. ब्रोशरवर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, सासऱ्यांची लोखंडी खाट ह्या खोलीत बसंल ना? म्हातारा उठत नाय. नवऱ्याचं सोड, त्याला ग्यालरीत टाकीन."

मी हसले. "बसेल की मावशी, वर जागाही उरेल."

ताबा मिळाला. खाट लावली तर दार मिटेना. शेवटी दारच काढून टाकलं. ज्या माणसाचं सगळं अंथरुणातच होतं, तो आता आल्यागेल्यासमोर एका पडद्याआड — तोंड भिंतीकडे करून पडलेला असतो.

तोवर मी नोकरी सोडली होती. तत्त्वासाठी? छे. साहेबांनी दुसरीला माझ्या डोक्यावर बसवलं म्हणून. त्या रागावर चळवळ उभी केली. मावशी पत्रकं चिकटवायला माझ्यासोबत; मी ऑफिसातली पोरगी हे त्यांना ठाऊक, नकाशा माझा हे नाही. एकदा जिन्यात म्हणाल्या, "कोनी काढला असंल गं ह्यो नकाशा? त्याचे हात झडू दे."

खळीचा डबा माझ्या हातात होता. मी म्हणाले, "झडतील."

मावशींनी तक्रार केली, तिच्या सुनावणीत बिल्डर म्हणतो, चित्र छापताना लहानमोठं होतं, मुद्दाम केल्याचा पुरावा काय? पुरावा माझ्या कपाटात होता. खऱ्या मापाचा नकाशा, त्यावर 'पलंग लहान करा' असं साहेबांच्या अक्षरात, आणि खाली — माझी सही. त्या सहीपायी मी दोन सुनावण्या गप्प बसले. मावशींची तक्रार आता फेटाळली जायच्या बेतात आहे.

पश्चात्ताप वगैरे म्हणू नका, हा सूड आहे. मला तो माणूस गुडघे टेकलेला बघायचाय. पण सूड घ्यायचा तर अर्धाच का घ्यायचा? आज कागद मावशींना नेऊन दिला. त्यांनी सही वाचली, कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे पाठ करून सासऱ्यांची कूस बदलायला लागल्या. मी उभीच होते. बस म्हणाल्या नाहीत.

त्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांनो, उद्या तुम्ही नव्या तक्रारीवर सह्या करायला बसाल. फसवणाऱ्यांत पहिलं नाव माझं लिहा. मग त्याचं.