बेहडाझरीची सकाळची फेरी

गमऱ्यांच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. सहदेव गमरेने तीस वर्षं मानपाड्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलर सांभाळला. तिथल्या धडधडीत बोंबलल्याशिवाय बोलता यायचं नाही, आणि ती सवय घेऊनच माणूस संध्याकाळी मोहन्याच्या चाळीत परतायचा. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटायचं, भांडण पेटलं. मुलगा सम्यक थेट बापावर गेलेला. नळाच्या कोपऱ्यावरून "आई, ताट वाढ!" म्हणून ओरडला की अख्खी चाळ हसायची. शेवंती चिडायची, "अरे मेल्या, भुकेची दवंडी कशाला पिटतोस?" आणि चिडता चिडता ताट वाढायला घ्यायची.

तो वनरक्षकाची परीक्षा पास झाला तेव्हा सहदेव कपाळाला हात लावून बसलेला. "अरे, रेल्वे आहे, महापालिका आहे. जंगलात काय ठेवलंय?" तर हा म्हणतो, "पप्पा, झाडं ठेवलीयेत." आता यावर काय बोलणार? पोरगा गेला विदर्भाच्या पार टोकाला, एका राष्ट्रीय उद्यानात. नागपूरला उतरून पुढे अर्धा दिवस एसटी, तिथून मिळेल त्या गाडीने. फोनला रेंज आठवड्यातून एकदा. दोन वर्षं बरी गेली. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी गस्तीला निघाला. जोडीदार वनमजूर तापाने आजारी, म्हणून एकटाच. वाटेत अस्वलाने धरलं. माणसं पोचली तोवर दुपार झाली होती आणि सगळं संपलं होतं. सव्वीस वर्षांचा पोरगा.

सहदेव तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला घेऊन आला. तिथे एक साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जागा फार आत आहे हो, रस्ताच नाही. कुणाला कळणं शक्यच नव्हतं." सहदेवने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. जलदान विधी झाला, गावाकडची माणसं आली, पंचशील झालं, माणसं गेली. दिवस जायला लागले.

शेवंतीने मात्र ते वाक्य एक दिवससुद्धा मानलं नाही. रडायची नाही. मेथी निवडताना, पाणी भरताना, मध्येच हात थांबवून एकच विचारायची, "अहो, त्याचा आवाज तुम्हाला माहितीये ना? मग कुणालाच कसा गेला नाही ऐकू?" सहदेव सांगायचा, आत आहे, रस्ता नाही. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर त्याने ताट आपटलं, "मी होतो का तिथे? मला काय विचारतेस?" ती म्हणाली, "मग कुणाला विचारू?" ताट आपटल्याची त्याला इतकी लाज वाटली की तो दोन दिवस तिच्याशी धड बोलू शकला नाही.

मग फेब्रुवारीत कसल्याशा दाखल्यासाठी त्याने तिकडच्या ऑफिसला फोन लावला. नवा कारकून होता, बिचारा मोकळ्या मनाचा. म्हणाला, "बेहडाझरीला झालं ना ते, काका? ती जागा तर टुरिस्ट रूटवरच आहे. सकाळच्या फेरीत गाड्या थांबतात तिथे."

सहदेवच्या कानात बॉयलरची शिट्टी वाजायला लागली. फोन ठेवून तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला. शेवंतीला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "वर्ष व्हायच्या आत जागा बघून येतो."

"या जाऊन," ती म्हणाली. "मला नाही बघवणार. तुम्ही फक्त एवढं बघून या, हाक कुणाला ऐकू गेली असती की नाही. त्यानंतर मी परत विचारणार नाही."

सरकारी परवानगी काढायची तर अर्ज, शिफारस, वाट बघणं. त्यापेक्षा टुरिस्टचं तिकीट सोपं. शेजारच्या संचिताने मोबाइलवर सहा ते दहाच्या फेरीतली एक सीट बुक केली. फॉर्ममध्ये भेटीचा उद्देश भरायचा होता. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास. संचिताने वर बघितलं आणि पर्यटनावर बोट ठेवलं. मुलगा मेला ती जागा बघायला बाप पर्यटक म्हणून निघाला. याहून घाणेरडी थट्टा मला तरी माहीत नाही.

गेटवर पहाटेची थंडी होती. आधार कार्ड दाखवून, मोबाइल जमा करून तो उघड्या जिप्सीत मागच्या सीटवर बसला. गाडीत आणखी एक कुटुंब होतं, धनेश, त्याची बायको प्रीती आणि कॉलेजातली मुलगी अंतरा. बोलता बोलता कळलं, माजिवड्याचे. प्रीतीला काय आनंद झाला! "अय्या, तुम्ही मोहन्याचे? म्हणजे आपण एकाच गल्लीतले की!" तिने थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला. धनेशच्या गळ्यात भलीमोठी लेन्स. "चौथी ट्रिप आहे काका. या वेळी वाघ नाही दिसला तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही." मग कौतुकाने म्हणाला, "तुम्ही या वयात एकटेच? हौशी आहात बुवा." सहदेव चहा प्यायला. माणसं वाईट नव्हती. चांगलीच होती.

गाइड म्हणून खाकी शर्टातली तिशीची बाई पुढे बसली. सगुणा, जवळच्याच पाड्यावरची. तिने नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, काही फेकायचं नाही. मग कागदावरची नावं वाचायला लागली. "धनेश... प्रीती... अंतरा... सहदेव गमरे, मोहने..." तिथे थांबली. मागे वळून सहदेवच्या तोंडाकडे बघितलं आणि कागद घडी करून खिशात घातला. पुढचा तासभर तिने फक्त बोट दाखवलं. मोर. चितळ. गवा.

सहदेव झाडं बघत होता. एवढ्यासाठी आलेलास का रे बाबा तू, असं त्याच्या मनात येत होतं. झाडं चांगलीच होती, नाही म्हणायला जागा नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

साडेसातच्या सुमाराला रस्ता एका कोरड्या नाल्याशी वळला. ड्रायव्हरने गाडी बंद केली. माकड खेकसत होतं, वाघ जवळ असला की इशारा देतं तसं. धनेश कुजबुजला, "कॉल! कॉल आहे!" आणि कॅमेरा सरसावून उभा राहिला.

"बाई," सहदेव म्हणाला, "ही बेहडाझरी का?"

सगुणाने मान हलवली.

"कुठे सापडला तो?"

तिने हात केला. नाल्यापलीकडे बांबूच्या बेटामागे पांढऱ्या खोडाचं एक झाड दिसत होतं. सहदेवने अंतर बघितलं. चाळीचा नळ ते त्याच्या खोलीचं दार. फार तर पाच पावलं जास्त. तो उठला, एक पाय गाडीच्या कडेवर टाकला. सगुणाने त्याचं कोपर धरलं. "नाही जी काका. उतरता येत नाही." तीस वर्षं भोंग्यावर उठला-बसलेला माणूस. तो खाली बसला. बसलो याचं त्याला पुढे आयुष्यभर वाईट वाटणार होतं.

"एवढ्या जवळ," तो म्हणाला. "आणि कुणालाच ऐकू गेलं नाही?"

सगुणा रडायला लागली. आधी आवाज नाही, नुसते खांदे. धनेशने कॅमेरा खाली घेतला.

"मले गेलं ऐकू," ती म्हणाली. "आमची गाडी हितंच उभी होती त्या दिवशी. मीच बंद करायला लावली, कॉल ऐकाले. तिकडून 'होऽऽ' आली. दोनदा, तीनदा. काका, ते मोहफुलाचे दिवस होते. पार्कची हद्द इथून जवळ आहे. आमची माणसं अंधारातच फुलं वेचाले येतात, जो तो आपल्या झाडाखाली. मधून मधून 'होऽऽ' करतात. जनावर उठून जाते, अन् आपलं माणूस कुठं आहे तेबी समजते. ऐकलं का दुसऱ्यानं 'हो' द्यायची. म्हणजे आम्ही इथं आहो, बरं आहे. लहानपणापासून मीबी तेच केलं. मले वाटलं, मोहावालेच आहेत."

"मग?"

"मग मी 'हो' दिली."

प्रीतीने अंतराचा हात धरला.

"सवयीनं गेली तोंडातून. पावणे चिडले माझ्यावर, वाघ पळून जाईन म्हणून. माझ्या 'हो'नंतर तिकडून लई जोरात आली. लागोपाठ आली. मले वाटलं, त्याईले ऐकू गेलं म्हणून खूश झाले. मग बंद झाली. आम्ही वीस मिनिटं होतो. मग गेलो." तिने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "गमरे साहेब माह्या पोरीले पुस्तकं आणून देत होते जी. मी कोणालेच नाही सांगितलं. घरीबी नाही. तुमी मारा मले काका."

सहदेवचा हात उठला नाही. राग कुणावर काढायचा? तिच्यावर? तिने उत्तर दिलं होतं, आणि रानात तेवढीच माणुसकी असते. त्याच्या पोराने हाक मारली, पोराला माणसाचा आवाज आला. आता येतील, असं वाटून त्याने असेल नसेल तेवढा जीव घशात आणला असेल. आणि इथे या रस्त्यावर माणसं श्वास रोखून वाघाची वाट बघत बसली असतील. सहदेवने दोन्ही हातांनी समोरचा लोखंडी दांडा धरला. ओरडावंसं वाटत होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घशातून आवाज फुटेना.

तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली. ड्रायव्हर खुणेने सांगत होता, पुढच्या पाणवठ्यावर वाघ बसलाय. धनेशने प्रीतीकडे बघितलं, प्रीतीने मुलीकडे. अंतरा रडत होती. शेवटी धनेशच अगदी हळू म्हणाला, "काका... थांबायचं असेल तर थांबू आपण."

पण थांबून काय करणार? "चला," सहदेव म्हणाला.

वाघ दिसला. पाण्यात मागचं अंग बुडवून आरामात बसलेला. धनेशने एकही फोटो काढला नाही. सहदेवने वाघाकडे बघितलं आणि त्याला काहीही वाटलं नाही. दहाच्या आत सगळ्या गाड्या गेटबाहेर आल्या.

परतीच्या सगळ्या प्रवासात तो एकच ठरवत होता, काय सांगायचं. खरं सांगितलं तर शेवंती जगायची नाही. ऐकू गेलं होतं, पन्नास पावलांवर गाडीभर माणसं होती, कुणीतरी उत्तरसुद्धा दिलं होतं आणि कुणीच गेलं नाही. हे कुठल्या आईला सांगायचं? कल्याणला उतरेपर्यंत त्याचा निर्णय पक्का झाला होता. मोहन्याच्या रिक्षात बसून त्याने ते वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं.

शेवंती दारातच होती. पाणी दिलं. चहा टाकला. त्याने कप खाली ठेवेपर्यंत थांबली. मग समोर बसली.

"लांब आहे गं," तो म्हणाला. "साहेब खरंच बोललेले. पार आत. रस्ता नाही, माणूस नाही. कितीही ओरडला असता तरी कुणाला ऐकू जाणं शक्यच नाही. मी स्वतः बघून आलोय."

तिने मान हलवली. वर्षभर मानलं नव्हतं, आज तिने मानलं. त्याला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं. शेवंती आपल्या हातांकडे बघत होती.

"मी वेडी," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, आवाज एवढा मोठा, कुणाच्या तरी कानावर गेलाच असेल. येता नसेल आलं त्यांना वेळेवर, पण गेला असेल. कुणीतरी लांबून 'ओ' तरी दिली असेल त्याला. त्याच आशेवर होते हो मी. शेवटी एका तरी माणसाचा आवाज ऐकून गेला असेल माझा पोरगा."

सहदेवने तोंड उघडलं.

"म्हणजे तेही नाही," ती म्हणाली. "कुणीच नव्हतं ना?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ओट्यावर चहाचं पातेलं तसंच होतं, बाहेर नळावर बायका बोलत होत्या.

"नाही," सहदेव म्हणाला. "कुणीच नव्हतं."