इंचभर मास्तरांची डाळिंबं

मास्तरांचं खरं नाव त्यांच्या शिलाई मशीनलाच काय ते ठाऊक असेल. गल्लीत सगळे त्यांना इंचभर म्हणत. तोंडावर इंचभर मास्तर, पाठीमागे नुसतं इंचभर. का, तर कुणी कापड घेऊन आलं की मास्तर ते टेबलावर पसरत, टेप लावत, पुन्हा लावत आणि मग कुणाच्या तरी आजारपणाची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणत, "इंचभर कमी पडतंय हो. बघतो, भागवतो कसंबसं." गिऱ्हाईक बिचारं ओशाळायचं. जणू कापड नव्हे, तेच कमी पडलं! बाही आखूड करा, खिसा नको, चालेल, असं स्वतःच म्हणून निघून जायचं.

शिलाई मात्र अशी की नाव ठेवायला जागा नाही. टाका सरळ, कॉलर ताठ. कुणाला कधी "मास्तर, कापड उरलं का?" असं विचारायचा धीरच झाला नाही. जे कमी पडलं ते उरेल कसं?

पुढच्या खोलीत दुकान, मध्ये राहायच्या खोल्या आणि मागे परसात मास्तरीणबाईंचं डाळिंबाचं झाड. आता हे झाड म्हणजे मास्तरीणबाईंच्या जिवाचा तुकडा आणि डोक्याला ताप. फुलायचं भरभरून, फळंही धरायचं. मग एक फुलपाखरू येऊन अंडी घालून जायचं आणि अळी फळात शिरून आपलंच घर असल्यासारखी बसायची. अळीच्या तावडीतून सुटलेलं बुलबुल फोडायचे, बुलबुलांनी सोडलेलं खार पोखरायची. बाहेरून गुलाबी गाल, आत सगळा आनंद!

बाईंनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? रिकामे डबे बांधले. बुलबुल डब्यांवर बसून गाऊ लागले. आरसे टांगले, तर त्यात बघून पिसं नीट करू लागले. मास्तरांचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं, तर खारीने त्याच्या खिशात संसार थाटला. "तुमचा कोट बघून कुणी घाबरत नाही, माणसंसुद्धा नाहीत," बाईंनी मास्तरांना ऐकवलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्याच नाहीत, म्हणजे उत्तर द्यायचा प्रश्न मिटला.

एवढ्यावर भागलं असतं. पण गेल्या वर्षी विहीणबाई आल्या. लेकीच्या सासूबाई, बोलायला साखर, बघायला करवत. आल्या त्या नेहमीसारख्या मरून मखमलीचं जाकीट घालून. लेकीच्या लग्नात हे जाकीट मास्तरांनीच त्यांना शिवून दिलेलं. व्याह्यांनी शिवलेलं म्हणून त्या दर वेळी आवर्जून ते घालून यायच्या, फक्त बटणं कधी लावायच्या नाहीत. बाईंनी कौतुकाने त्यांच्यापुढे झाडावरचं डाळिंब फोडलं. आतून अळी निघाली. चांगली गलेलठ्ठ, डाळिंब खाऊन खाऊन लाल झालेली. विहीणबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे डाळिंबात दाणे असतात."

हे वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं. यंदा फळं लिंबाएवढी झाली तशी त्यांनी कंबरेला पदर खोचून जाहीर केलं, "विहीणबाईंच्या हातात अख्खं, निर्मळ डाळिंब पडलं नाही, तर हे झाड मी मुळासकट काढून टाकणार. मग तिथे वाटलं तर दगड लावा."

मास्तर हादरले. बाई रागाने बोलतात आणि करूनही दाखवतात, हे त्यांनी संसारात पुरेपूर भोगलं होतं. आणि झाडाखाली बसून दुपारचा चहा घेतल्याशिवाय त्यांच्या अंगात जीव यायचा नाही. "अगं, थांब जरा," ते म्हणाले. "प्रत्येक फळाला पिशवी शिवतो. नाडी ओढली की बंद. अळी, बुलबुल, खार, सगळ्यांना दार बंद."

बाईंचा चेहरा असा उजळला की मास्तरांना हुरूप चढला. ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालची मोठी ट्रंक ओढून काढली. बाईंच्या लेखी त्या ट्रंकेत चिंध्या होत्या. मास्तरांनी सपासप पिशव्या शिवल्या. हिरव्यावर पिवळे ठिपके, निळे पट्टे, गुलाबी फुलं, चौकडा. बाई शिडीवर चढून बांधत गेल्या. शेवटी शेंड्याचं, सगळ्यांत टपोरं फळ राहिलं, आणि ट्रंकेत कापड संपलं. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना खरोखर कापड कमी पडलं! तळाशी एकच तुकडा होता, घडी घातलेला, मरून मखमलीचा. मास्तरांनी तो पुन्हा तळाशी सरकवला.

"द्या ना लवकर," बाई शिडीवरून ओरडल्या. "हे विहीणबाईंसाठी ठेवायचंय." त्यांचं लक्ष फळाकडे होतं, कापडाकडे नव्हतं. मास्तरांनी मखमल उलटी करून पिशवी शिवली. मऊ बाजू आत, म्हणजे फळाला टोचायला नको आणि बाहेरून कुणाला कळायलाही नको.

पण बाकीच्या पिशव्यांचं काय? मास्तरांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आलीच नाही. त्यांच्या मते गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं. तेच गिऱ्हाईक परसामागच्या बोळातून बाजारात जातं आणि परसाची भिंत कंबरेएवढीच आहे, हे लक्षात यायला त्यांनी कधी मशीनवरून मान वर केली होती?

दुसऱ्याच सकाळी पोस्टातल्या बाई बोळातून निघाल्या आणि थबकल्या. हिरव्यावर पिवळे ठिपके. त्यांनी आपल्या अंगावरच्या झग्याकडे पाहिलं. हिरव्यावर पिवळे ठिपके. मग आपल्या उघड्या दंडांकडे पाहिलं.

"मास्तर!" त्या कडाडल्या. "लांब बाह्यांना कापड पुरत नाही म्हणालात! थंडीत कुडकुडत शिक्के मारते मी!"

आवाज ऐकून कोपऱ्यावरचा न्हावी धावत आला. तोंडात कंगवा, कारण त्याच्या निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्याला मास्तरांनी खिसाच केला नव्हता. कापड कमी पडलं होतं ना! त्याने झाडाकडे पाहिलं आणि कंगवा खाली पडला. बघता बघता भिंतीशी बाजार भरला. "ते माझं!" "तो चौकडा आमच्या ह्यांचा!" मास्तरांचं पितळ फांदीफांदीवर लटकत होतं. ते मशीनमागे लपायला निघाले, पण बाईंनी दंडाला धरून त्यांना भिंतीशी उभं केलं.

"खरं सांगा. मलासुद्धा ठाऊक नाही हे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

मास्तरांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली. "कात्री हातात घेतली की अजून माझा हात थरथर कापतो," ते म्हणाले. "लोकांचं हौसेचं कापड. चुकलं तर जोड द्यायला असावं, म्हणून थोडं हातचं राखून ठेवतो आणि कमी आहे म्हणून सांगतो. मग चुकत काहीच नाही. पण एकदा कमी म्हटलेलं उरलं कसं म्हणू? लाज वाटते. म्हणून ट्रंकेत टाकतो. देवाशपथ, या पिशव्या सोडल्या तर एक तुकडा विकला नाही की वापरला नाही."

माणूस चोर निघाला असता तर भांडायला बरं पडलं असतं. शेवटी न्हाव्याने कंगवा उचलून झटकला. "म्हणजे तुमचा हात कापतो म्हणून मी आजवर कंगवा तोंडात धरून फिरलो? अहो, हात माझाही कापतो! माझ्या हातात तर वस्तरा असतो!"

सगळे खो खो हसले. फक्त त्याचं एक गिऱ्हाईक हसलं नाही. ते गालाला साबण लावून त्याच्यामागोमाग आलं होतं.

"पण आमचं कापड द्या," पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि पिशवीला हात घालू लागल्या.

"खबरदार!" मास्तरीणबाई गरजल्या. "पिशवी काढलीत तर बुलबुल टपलेलेच आहेत. फळं पिकू देत. मग ज्याचं कापड त्याने फळासकट न्यावं. आणि बाह्या, खिसे, जे काय राहिलंय ते हे फुकट शिवून देतील. काय हो?"

"हो, हो," मास्तर म्हणाले. ते याहून कशालाही हो म्हणाले असते.

आणि मग जे झालं ते कुठल्याच बुजगावण्याला जमलं नसतं. आता प्रत्येकाचं आपलं एक डाळिंब होतं ना! पोस्टातल्या बाई जाता-येता छत्री उगारून खारीला दम देऊ लागल्या. न्हावी गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बुलबुलांमागे धावू लागला. कुणी सैल नाडी आवळून जाई, कुणी झाडाला पाणी घाली. बुलबुलांनी काही दिवस तारेवर बसून निषेध केला आणि बिऱ्हाड हलवलं.

फळं तयार झाली. टिचकी मारली की खणखण वाजू लागली. ज्याने त्याने आपलं डाळिंब नेलं, पिशव्या उसवून परत आणल्या, आणि मास्तर दिवसभर खडखड मशीन चालवत बसले. पोस्टातल्या बाईंच्या बाह्या मनगटापर्यंत पोचल्या. न्हाव्याच्या खिशात कंगवा गेला, तरी सवयीने त्याचं तोंड बरेच दिवस मिटलेलंच असायचं. झाडावर आता शेंड्याचं एकच फळ उरलं.

विहीणबाई आल्या. अंगात जाकीट, बटणं उघडी. बाईंनी फळासकट ती पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मास्तर दाराआड उभे होते, पळायच्या तयारीत.

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला आणि तो तिथेच थांबला. बोटांना आत काहीतरी मऊ, ओळखीचं लागलं होतं. त्यांनी पिशवी उलटी केली. झळझळीत मरून मखमल. शेजारी त्यांच्या अंगावरचं जाकीट.

"व्याही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, इंचभर कमी पडलं. लग्नात मी पोटावर पंखा धरून उभी होते हो. मला वाटलं, मीच वाढले. तेव्हापासून पोटभर जेवले नाही मी."

मास्तरांना आजवर कुणाच्या रागाने इतकं लागलं नव्हतं. ते बाहेर आले, समोर बसले. "उरलं होतं, विहीणबाई," ते म्हणाले. "तुम्ही वाढला नव्हता. मी भ्यालो होतो. जाकीट द्या."

विहीणबाईंनी जाकीट काढून दिलं. मास्तरांनी पिशवी उसवली, जाकिटाच्या दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या आणि मोजमाप न करता कात्री चालवली. या वेळी हात थरथरला नाही. तिकडे बाईंनी डाळिंब फोडलं. अळी नाही, डाग नाही, नुसते टच्च लाल दाणे. विहीणबाईंनी एक दाणा खाल्ला, मग मूठभर, मग ताटलीच मांडीवर ओढून घेतली. "आमच्याकडच्यापेक्षा गोड आहेत," त्या म्हणाल्या. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि झाड वाचलं.

मास्तरांनी जाकीट झटकून दिलं. विहीणबाईंनी ते अंगात घातलं, श्वास आत न ओढता पहिलं बटण लावलं, मग दुसरं, मग सगळी.

"पुरलं की हो कापड!" त्या म्हणाल्या.

"पुरलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मखमलीची एक बारीकशी पट्टी विहीणबाईंच्या तळहातावर ठेवली. "हे घ्या. इंचभर उरलं."