चालक गाडीजवळ

वनखात्याच्या जीपला एक लॉगबुक असतं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती किलोमीटर, आणि शेवटी सह्यांचे दोन रकाने: एक चालकाचा, एक अधिकाऱ्याचा. बाळासो कुरणे यांनी बत्तीस वर्षं चालकाच्या रकान्यात सही केली. शेजारच्या रकान्यात साहेब बदलले, सह्या बदलल्या. कुणाची सही कोंबडीच्या पायांसारखी, कुणाची नुसती रेघ. बाळासो मात्र तेच राहिले, आणि त्यांच्या हातातल्या गाडीला बत्तीस वर्षांत ओरखडासुद्धा आला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि चारचौघांत दोनदा सांगायचे.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात साहेबांचे कुणी मुंबईचे पाहुणे दाजीपूरचं जंगल बघायला आले होते. साहेब आणि पाहुणे मनोऱ्यावर चढून गवे बघत होते आणि बाळासो नेहमीप्रमाणे खाली जांभळीच्या सावलीत जीपचा आरसा पुसत होते. पाहुणे परत गेले तेव्हा मागच्या सीटवर एक रंगीत इंग्रजी पुस्तिका राहिली. बाळासोंनी ती साहेबांपुढे धरली.

"राहू दे बाळासो, तुझ्या पोराला चित्रं बघायला होतील," साहेब म्हणाले.

अशी श्रीलंका सिद्धार्थनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आली. मुलगा प्रसेनजीत तेव्हा आठवीत होता. त्याने अडखळत अर्थ लावला: या देशात गाडी भाड्याने घ्या, स्वतः चालवा, रस्त्यात रानटी हत्ती बघा, चहाच्या मळ्यांतून घाट चढा, सिगिरियाच्या कातळावर जा.

बाळासोंच्या बायकोला, आक्काताईंना, हसू आवरेना. त्या बालवाडीत शिकवायच्या, लुनावरून अख्खं कोल्हापूर पालथं घालायच्या आणि बोलायला कुणाला ऐकायच्या नाहीत. "म्हंजे सुट्टी काढायची आन् गाडीच चालवायची? मग तुमी जन्मभर सुट्टीवरच हायसा की!"

पण पान उलटलं आणि त्यांचं हसू थांबलं. तिथे अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं चित्र होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती; विहारातल्या जुन्या कॅलेंडरवर हेच झाड त्या लहानपणापासून बघत आलेल्या. त्यांनी चित्रावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेल्या.

बाळासोंनी ते पाहिलं. त्यांना दुसरंच काही आठवलं. त्र्याऐंशी सालचा एप्रिल, पेठ वडगावचा फाटा, दुपारचं ऊन. आक्काताई माहेरहून परत येताना तीन वर्षांच्या प्रसेनजीतला कडेवर घेऊन एसटीची वाट बघत उभ्या होत्या. बाळासोंची जीप तिथूनच गेली. मागची सगळी जागा मोकळी होती. पण पुढे साहेब होते आणि गाडी सरकारी होती. आक्काताईंनी हात केला नाही, बाळासोंनी ब्रेक दाबला नाही. आरशात ती दोघं लहान होत गेली. त्यावर घरात कधी कुणी एक शब्द काढला नाही, आणि म्हणूनच ते बाळासोंच्या मनातून जाईना.

"न्हेतो तुला तिकडं," ते म्हणाले. "मी सोता चालवत न्हेतो. आनि तू फुडच्या शीटवर बसायचं."

"बाजारात तुरी!" आतून उत्तर आलं. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कचेरीतल्या रद्दीतून एक कोरं लॉगबुक मागून आणलं आणि पेन्सिलीने बेत आखायला घेतला. आता कुणी बेत आखतो तो मोबाईलवर, चहा निवायच्या आत. तेव्हाची गंमत वेगळी होती. शाळेचा नकाशासंग्रह, एक पट्टी, एक दोरा. वळणावळणाच्या रस्त्यावर दोरा ठेवायचा, मग तो पट्टीवर ताणायचा. रविवारी सकाळी विहारातून आले की बाळासो खाटेवर पसारा मांडायचे. कोलंबो ते अनुराधपूर म्हणजे आपलं पुणं, पण जरा अलीकडेच. अनुराधपूर ते सिगिरिया म्हणजे आंबा घाटाच्या तोंडापर्यंत. कँडीच्या वरचा घाट म्हणजे गगनबावडा, फक्त दीडपट. त्यांना परका मुलूख असा कळायचा. हळूहळू घरातही तेच बोलणं सुरू झालं. आंबा घाटाच्या वाटेवर शाहूवाडीकडे लग्नाला निघाले की प्रसेनजीत म्हणायचा, "चला, सिगिरियाला."

घोडं अडलं होतं ते तिकडच्या लढाईपाशी. रेडिओवर बॉम्बस्फोटाची बातमी आली की बाळासो लॉगबुक मिटायचे. "औंदा न्हाय." असं एक साल गेलं, दोन गेली, नऊ गेली. गॅरेजवाला सयाजी त्यांना बघितलं की ओरडायचा, "काय पावणं, लंकेला कवा? पूल बांधायला घेतलाय काय?" बाळासो हसायचे. मधल्या वर्षांत प्रसेनजीत इंजिनियर होऊन पुण्याला गेला, लुना भंगारात गेली, कॅन्व्हासच्या टपाची जीप जाऊन नवी आली. पेन्सिलीचा बेत मात्र तसाच राहिला. खरं सांगायचं तर ती नऊ वर्षं त्या घरातली फार सुखाची वर्षं होती, पण सुख अंगावरून जात असतं तेव्हा माणूस नकाशात बघत असतो.

मग दोन हजार दोन उजाडलं. फेब्रुवारीत तिकडे युद्धबंदी झाली आणि मे महिन्यात बाळासो निवृत्त झाले. एवढा जुळलेला मुहूर्त कुणी सोडत नाही. जानेवारीत जायचं ठरलं. जुनी पांढरी मारुती घरी आली, प्रसेनजीतने कॉम्प्युटरवरून काढलेल्या कागदांची चळत पाठवली, आणि बाळासोंनी रंगीत तालीम सुरू केली. दर रविवारी लॉगबुकातला एकेक टप्पा इकडच्या रस्त्यावर चालवून बघायचा. डबा, पाण्याची कळशी, पुढच्या सीटवर आक्काताई. पहिल्या दिवशी त्या पुढे बसल्या तेव्हा बाळासोंनी खाली उतरून, पलीकडे जाऊन दार लावून दिलं, साहेबांना लावतात तसं.

"अवो, हात हायत मला," त्या म्हणाल्या. पण दार लावू दिलं.

नोव्हेंबरात दाजीपूरची तालीम झाली. परतताना बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. लख्ख दुपार. बाळासो गप्पांच्या रंगात होते, आणि धाडकन आवाज झाला. डावीकडचा आरसा ट्रॉलीला लागून तुटला, दाराला कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा ओरखडा आला. गाडी बाजूला घेऊन ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"दिसली न्हाय व्हय?" आक्काताईंनी हळूच विचारलं.

"कुठं हुती?" बाळासो म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं म्हणून कळलं नाही. डाव्या बाजूचं बरंच गेलेलं आहे. औषधाने राहिलेलं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवायची नाही.

घरी येऊन बाळासोंनी मारुतीची किल्ली खुंटीला अडकवली आणि लॉगबुक ट्रंकेच्या तळाशी घातलं. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुला न्हेतो म्हनलं हुतं. ऱ्हायलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते औषधाच्या थेंबांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते विहारात गेले असताना आक्काताईंनी ट्रंक उघडली. नऊ वर्षं त्या लॉगबुकाची थट्टा करत आल्या होत्या, पण ते सलग वाचलं नव्हतं. जमिनीवर बसून पहिल्यापासून वाचायला लागल्या. तारखेच्या जागी 'दिवस पहिला', 'दिवस दुसरा'. पुढे बारीक अक्षरात नोंदी. 'अनुराधपूर. बोधिवृक्ष दर्शन. आक्काताई, दोन तास. चालक गाडीजवळ.' पान उलटलं. 'सिगिरिया. कातळ चढणे व उतरणे. आक्काताई, तीन तास. चालक गाडीजवळ.' 'धबधबा. आक्काताई, एक तास. चालक गाडीजवळ.' त्यांनी मोजलं. चौदा दिवसांत अकरा वेळा.

पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. मग रागच आला. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सुट्टीवर निघाला होता, आणि तिथेही त्याने स्वतःला झाडाखाली उभं करून ठेवलं होतं! नऊ वर्षं खोडरबर हाताशी असून चूक त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

बाळासो परत आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "ह्ये काय लिवलंय?"

बाळासोंनी वाचलं. काय चुकलं ते त्यांना खरोखर कळलं नाही. "गाडी सोडून कसं जायाचं? कुनीतरी गाडीजवळ पायजे की."

"का पायजे? गाडी काय कासरा तोडून पळून जातीया?" आक्काताईंचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "मी काय एकलीनं ते झाड बघायचं? तुमी खाली उभं ऱ्हाऊन आरसा पुसनार, आन् मी वर जाऊन कुनाला दावू, ह्ये बघा म्हनून? फाट्यावर एकदा सोडून गेल्तासा तेवढं बास झालं."

एकोणीस वर्षांनी तो शब्द निघाला. बाळासो उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "तुझ्या ध्यानात हाय व्हय."

"हाय की. तुमच्या न्हाय काय?" त्या त्यांच्याशेजारी बसल्या. "तवा तुमचा विलाज नव्हता, मला ठावं हाय. आता मी सांगते ते ऐका. किल्ली काढा खुंटीची. मला शिकवा."

पन्नाशीतली बाई मेरी वेदर मैदानावर पहाटे मारुती शिकते आहे, आणि शेजारी बसलेला म्हातारा नसलेल्या ब्रेकवर पाय दाबतो आहे, हे बघायला त्या वर्षी पुष्कळ लोक जमायचे. बाळासो ओरडायचे, आक्काताई दुप्पट ओरडायच्या. एकदा त्या गाडी मधेच सोडून रिक्षाने घरी गेल्या. पण लुनाचा हात होता. परवाना पहिल्या झटक्यात मिळाला. गाडी देणाऱ्या तिकडच्या कंपनीला वर्षभर जुना परवाना हवा होता, म्हणून पुन्हा एक वर्ष थांबले आणि सगळ्या तालमी पुन्हा झाल्या. बिद्री, आंबा, गगनबावडा. गगनबावड्याच्या शेवटच्या वळणावर बाळासो पहिल्यांदा गप्प बसून राहिले, तेव्हा आक्काताईंना कळलं की आपल्याला गाडी येते.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत ते निघाले. सयाजीने गाडीतून बसस्टँडवर सोडलं आणि इंजिन बंद न करताच डोळे पुसले.

कोलंबोला भाड्याची गाडी ताब्यात घेतली. अनुराधपूरला दोघं बोधिवृक्षापुढे शेजारी शेजारी बसली. आक्काताईंनी वंदना म्हटली. शेवटच्या ओळीला त्यांना बापाची आठवण आली आणि त्या मोकळेपणी रडल्या. गाडी लांब उभी असूनही तिथे बाळासो फारसे चुळबुळले नाहीत. पुढे सिगिरियाच्या रस्त्यावर आक्काताईंनी एकाएकी वेग कमी करून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हॉर्नवरचा हात काढला. जंगलात गव्यापुढे काय करायचं ते त्यांना बाळासोंनीच शिकवलं होतं.

"काय झालं?" बाळासो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले.

"मान वळवा की. डावीकडं."

बाळासोंनी पूर्ण मान वळवली. झाडीत हत्तीण उभी होती, पायांशी पिल्लू. बत्तीस वर्षं त्यांनी जंगलातून गाडी नेली होती, पण नजर रस्त्यावर. एवढा वेळ काही बघत राहण्याची त्यांना सवय नव्हती. हत्तीण आत निघून गेली तरी त्यांची मान तशीच होती.

सिगिरियाच्या पायथ्याशी आक्काताईंनी गाडी झाडाखाली लावली. बाळासो उतरले आणि सवयीने खिशातून फडकं काढून आरशाकडे वळले. आक्काताईंनी ते फडकं हातातून घेतलं, गाडीत टाकलं, कुलूप लावलं.

"चला."

"गाडी..."

"चला म्हनते न्हवं!"

हजारावर पायऱ्या. दोघं थांबत, दम खात, एकमेकांना शिव्या देत वर पोचली. वर वारा होता आणि क्षितिजापर्यंत जंगल होतं. बाळासो कठड्याशी गेले आणि सगळ्यांत आधी त्यांनी गाडी शोधली. ती खाली झाडाच्या कडेला दिसली, नखाएवढी, पांढरी. शेजारी कुणी नव्हतं. ती तशीच उभी होती, कुठे गेली नव्हती. मग ते वळले आणि आक्काताई बोट दाखवतील तिकडे बघू लागले.

संध्याकाळी मुक्कामाच्या पडवीत त्यांनी लॉगबुक काढलं. त्या दिवसाची पेन्सिलीतली जुनी नोंद समोर होती. खोडायला गेले, तर आक्काताईंनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. खाली लिवा." त्यांनी पेनने लिहिलं: 'कातळ चढणे व उतरणे. दोघे. गाडीजवळ कोणी नव्हते.' आक्काताईंनी चालकाच्या रकान्यात सही केली आणि वही परत त्यांच्यापुढे सरकवली.

"आता तुमी."

"माझी कुठं?"

आक्काताईंनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. बाळासोंनी बराच वेळ तो रकाना बघितला, चष्मा पुसला, आणि तिथे सही केली.