दाराच्या अलीकडे

आमच्या बाइंडिंगखान्यात हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांवर राज्य होतं उद्याबाईचं. टेबलाच्या टोकाला बसून ती छापील कागद दुमडायची आणि रोज मनानं रचलेली गोष्ट पुढे सांगायची. सुटायची वेळ झाली की तिचा आवाज खाली यायचा, गोष्टीतला कुणीतरी अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकायचा, आणि नेमकी घंटा. "आता उद्या," म्हणून बया डबा उचलून चालू लागायची. आम्ही तिच्या नावानं बोटं मोडायचो आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर. कुणी खाडे करत नव्हतं, म्हणून मालक खूश होता.

कुठे थांबायचं हे ती सकाळीच ठरवून यायची. पुढे काय, ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. मला याचा राग यायचा, पण ऐकल्याशिवाय करमायचंही नाही.

त्या शनिवारी गोष्टीतली घर सोडून गेलेली पोरगी परत आली. तिनं आईचं बंद दार वाजवलं. आतून कडी निघाली. घंटा झाली.

माझ्या शेजारची शिवणवाली जागची हललीच नाही. पुस्तकांची पानं शिवणारी ही बाई एरवी सगळ्यांच्या आधी दोरा तोडून निघायची. तिचीही मुलगी भांडून घराबाहेर पडली होती, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकदम उठून तिनं उद्याबाईला जिन्यात गाठलं. मी मागोमाग गेले.

"दार उघडल्यावर आई काय म्हणते?" शिवणवालीनं विचारलं.

"परवा सांगते. उद्या सुट्टी."

"उद्याच येतेय ती. माझी पोरगी. निरोप आलाय. मला आत्ता सांग."

उद्याबाई जिन्यातच बसली. "अगं, मी दाराच्या पलीकडे कधी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू करते तेव्हा पोरगी घरात बसलेली असते. तुम्ही ऐकून घेता, म्हणून खपतं."

"काहीतरी सुचव."

"'आलीस बाळा,' म्हण."

"मी कधी बाळा म्हटलं नाही तिला. घाबरून परत जाईल."

"'चुकलं माझं,' म्हण."

"ते आलं असतं तोंडातून, तर ती गेलीच कशाला असती?"

शिवणवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला तिची कीव आली आणि उद्याबाईचा संताप. रोज आम्हाला टांगून ठेवणारी आज स्वतःच अडकली होती. डबा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "बंद दार असलं तरच माझी गोष्ट अडते. तू दार लावूच नकोस."

रविवारभर माझं कशात लक्ष नव्हतं. दोनदा भाजी करपली. नवरा म्हणाला, "तुझी कोण येणार आहे?"

सोमवारी शिवणवाली आली, सुईत दोरा ओवू लागली. कुणाचेच हात चालेनात. शेवटी तीच बोलली.

"सकाळपासून दार सताड उघडं ठेवलं होतं. मी मोरीत चादर पिळत होते. ती आत आली, चादरीचं दुसरं टोक धरलं. पिळून झाल्यावर म्हणाली, दार का उघडं टाकलंस? म्हटलं, तू येणार होतीस."

"मग?" उद्याबाईनं विचारलं.

"मग काय. चादर वाळत घातली दोघींनी."