युसूफचाचांनी ओरडून सांगितलेलं माप

युसूफचाचा मोठ्या माणसाचं माप घेताना आकडा मोठ्यानं सांगायचे. त्यांचा भाऊ तो वहीत उतरवून घ्यायचा. लेकरांचं माप मात्र ते कधी तोंडातून काढत नसत. टेप लावायची, आकडा बघायचा आणि स्वतः उठून लिहायचा. "लेकराचं माप लेकराचं असतंय," म्हणायचे. अर्धापुरातल्या कितीतरी पोरांचे गणवेश त्यांनी शिवले, पण कोणतं पोर किती रुंद, हे बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.

मी केळीचा व्यापारी. हातगाडीवरून इथवर आलो. लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी चूल पेटेलच असं नसायचं. म्हणून सौदा चांगला झाला की माझ्या तेजूसाठी कचोरीचा नाहीतर पेढ्याचा पुडा न्यायचोच. बायको म्हणायची, "अहो, पोरगी जिना चढताना धापा टाकून राहिली." मी तिच्यावरच खेकसायचो.

पाचवीत असताना वर्गात तेजूच्या स्कर्टचा हुक तुटला. मुली हसल्या आणि तिनं शाळेत जायचंच बंद केलं. नांदेडच्या डॉक्टरांनी वजन आवरायला सांगितलं. मी तिचा पुडा बंद केला, माझा चालू ठेवला. मी समोर बसून कचोरी खायचो, ती मान खाली घालून भाकरी चिवडायची आणि मागाहून डब्यातली बिस्किटं चोरून खायची.

नवा स्कर्ट शिवला तर जाईल, म्हणून तिला कसंबसं चाचांकडं नेलं. म्हटलं, "कमरेत चार बोटं कापड आत जास्त ठेवा. दरवर्षीची कटकट नको."

"उंचीला ठेवतो, शेठ. कमरेला न्हाई."

"कापड माझं, शिलाई मी देणार."

"मग दुसरा टेलर बघा."

मला बाजारात असं कुणी बोललेलं नव्हतं. माझा आवाज चढला. चाचांनी गळ्यातली टेप काढली, माझ्याच पोटाभोवती गुंडाळली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "शेहेचाळीस."

भावानं वही उघडली. "काय शिवायचं?"

"काय न्हाई. नुसतं लिहून ठेव."

दुकान हसलं. मी तेजूकडे बघितलं, तर तीही हसत होती. कितीतरी दिवसांनी.

मग चाचा हळू आवाजात म्हणाले, "एकट्या पोरीचं ताट उचललं की तिला सजा झाल्यावानी वाटतंय. घराचं ताट बदला. पहिलं तुमचं."

मी कापड उचलून बाहेर पडलो. तेजू पायरीवरच थांबली. "अप्पा, चाचांकडूनच शिवायचं." मुकाट परत गेलो.

पुडा बंद झाला. संध्याकाळी आम्ही दोघं गोदामापर्यंत चालत जाऊ लागलो. मी किती वेळा नांदेडला गुपचूप कचोरी खाल्ली आणि तोंड पुसून घरी आलो, ते मलाच ठाऊक. तेजूचं वजन काही झरकन उतरलं नाही. पण ती रोज शाळेत जाऊ लागली, धाप न लागता जिना चढू लागली. पुढच्या वर्षी चाचांनी तोच स्कर्ट खालून उसवला आणि दुमडून ठेवलेलं चार बोटं कापड सोडलं. कमरेला हात लावावा लागला नाही.

गेल्या वर्षी दुकान बंद करून चाचा लातूरला लेकीकडे निघाले. निरोप द्यायला आम्ही गेलो. मी म्हटलं, "त्या दिवशी भर दुकानात माझी अब्रू काढलीत. माफी मागा."

"मागतो की. पण अगोदर माप घेऊ द्या."

टेप लागली. मी श्वास रोखून उभा राहिलो. चाचांनी आकडा बघितला आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"आता सांगा की मोठ्यानं," मी म्हटलं.

ते वाकले आणि तेजूच्या कानात काहीतरी बोलले. ती हसायला लागली. माफी राहिली ती राहिलीच. आकडा तेजूनं मला अजून सांगितलेला नाही.